बार्थोलोम्यू कल्याणला आला होता का? (स्मरणिकेसाठी मदत हवी)

वसईचा_वारा

नमस्कार मंडळी,

आमच्या धर्मग्रामाची स्मरणिका निघतेय आणि माझ्या गळ्यात दोन पानं पडली आहेत. विषय संत बार्थोलोम्यू, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. मराठी बायबलमधला बर्थलमय तो हाच. सण २४ ऑगस्टला असतो.

अडचण अशी. घरात एक जुनी स्मरणिका सापडली, तिच्यात बेधडक छापलंय: 'प्रभू येशूचा शिष्य बार्थोलोम्यू कल्याण बंदरात उतरला.' उतरला! जणू लेखक धक्क्यावर सामान घ्यायला उभा होता.

दुसरी अडचण घरातच आहे. माझे थोरले काका बार्थोल, आम्ही त्यांना बारतूकाका म्हणतो. वय ८१. गावात कुणाचंही बारसं असलं की हे सांगणार, "पेत्रु, पावलू सगळे रोमचे. माझा संत तेवढा इथला." लहानपणी मला खरंच वाटायचं की बार्थोलोम्यू नालासोपाऱ्याच्या पुढे कुठेतरी राहत असावा.

तर प्रश्न सरळ आहे. हा माणूस कोण, त्याच्याबद्दल नक्की काय ठाऊक आहे, आणि कल्याणची गोष्ट छापावी का? धर्म चांगला की वाईट हा वाद कृपया इथे नको.

कल्याण_स्लो

कल्याणला उतरला असेल तर पुढच्या डब्यातूनच उतरला असणार. मागच्या डब्यातून पूल लांब पडतो.

निवांत

बारा मावळांची नावं पाठ आहेत, बारा शिष्यांची नाहीत. पेत्र, यहूदा आणि तो शंका घेणारा थोमा, इथे माझी गाडी थांबते. बसलोय, चालू द्या.

जुनी_पाने

निवांत, तुमची गाडी थांबते तिथेच बहुतेकांची थांबते. त्यात बार्थोलोम्यूची स्थिती फारच केविलवाणी आहे. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांत, अशा चार ठिकाणी तो येतो, आणि चारही ठिकाणी फक्त यादीत. एक वाक्य बोलत नाही, काही करत नाही. वर्गातला हजेरीपुरता 'हजर' म्हणणारा मुलगा असतो ना, तसा. हा तर 'हजर'सुद्धा म्हणत नाही.

आणि जे नाव आहे तेही त्याचं स्वतःचं म्हणता येत नाही. अरामी भाषेत 'बर' म्हणजे मुलगा. बर-तल्मय म्हणजे तल्मयचा मुलगा. आपल्याकडे गावात 'तो सखारामाचा' म्हणतात तसं. सखारामाच्या पोराला काय हाक मारायचे ते यादी करणाऱ्यानं लिहिलंच नाही.

निवांत

म्हणजे दोन हजार वर्षं बापाच्या नावावर चाललंय. आमच्या सोसायटीत असे बरेच आहेत.

शुभवर्तमान_मास्तर

जुनी_पाने, लिहिलंय हो, फक्त दुसऱ्या ठिकाणी. योहानाचं शुभवर्तमान उघडा. तिथे बर्थलमय कुठेच नाही, पण नथनेल आहे, जो बाकी तिघांकडे नाही. पहिल्या तिघांच्या यादीत फिलिप्पाच्या लगेच मागे बर्थलमय येतो, आणि योहानात नथनेलाला बोलावून आणतो तो फिलिप्पच. त्यावरून मंडळींनी दोन आणि दोन चार केले: नाव नथनेल, बापाकडून बर्थलमय. नवव्या शतकापासून ही ओळख लिखाणात दिसते आणि आज बहुतेक चर्चेस तीच धरून चालतात.

ती ओळख मानली तर मात्र आपला मुका माणूस एकदम बोलका होतो. फिलिप्प धावत येऊन सांगतो, आम्हांला मसीहा सापडला, नासरेथचा येशू. नथनेल काय म्हणावा? "नासरेथातून काही चांगलं निघू शकतं का?" पंक्तीला बसलेल्या कोकणस्थ आजोबांनी एखाद्या स्थळाबद्दल म्हणावं तसं! स्वतः कुठला, तर शेजारच्या काना गावचा. फिलिप्प वाद घालत नाही. "येऊन पाहा," एवढंच म्हणतो.

मग येशू त्याला येताना पाहून म्हणतो, हा खरा इस्राएली, याच्यात कपट नाही. "मला कुठून ओळखता?" "फिलिप्पानं हाक मारायच्या आधी तू अंजिराच्या झाडाखाली होतास, तेव्हा मी तुला पाहिलं." एवढ्यावर गडी विरघळतो. झाडाखाली तो काय करत होता ते योहान सांगत नाही, आणि मला ती गोष्ट त्यामुळेच आवडते. त्या दोघांतलं ते गुपित तसंच राहिलं.

सासवडचा

अंजिराखाली बसून पाहिलंय का कुणी? आमची बाग आहे. सावली दाट, पान खरखरीत, आणि चीक अंगाला लागला की दिवसभर खाज. नथनेल बहुधा हात खाजवत बसला असेल.

तिरकस

मास्तर, गोष्ट गोड आहे पण दोन खडे टाकतो.

एक. 'फिलिप्पाच्या मागे बर्थलमय' हे तिन्ही शुभवर्तमानांत खरं, पण प्रेषितांच्या कृत्यांतली यादी पाहा: फिलिप्प, थोमा, मग बर्थलमय, मग मत्तय. मध्ये थोमा घुसला आणि जोडी तुटली.

दोन. संत ऑगस्टीन नथनेलाला बारा जणांत धरतच नाही. त्याचं म्हणणं, नथनेल शास्त्र शिकलेला माणूस होता आणि येशूनं मुद्दाम न शिकलेले निवडले. म्हणजे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला एवढ्या मोठ्या धर्मशास्त्र्याला ही ओळख मान्य नव्हती, आणि चारेकशे वर्षांनी ती पक्की होते. मला यात 'दोन रिकाम्या जागा होत्या, एकमेकींत बसवून टाकल्या' असं वाटतं.

शुभवर्तमान_मास्तर

कृत्यांतल्या यादीचं मान्य. ऑगस्टीनचा युक्तिवाद मात्र मला कधीच पटला नाही. शिकलेला म्हणून बाद? मग पौलाचं काय करायचं?

तिरकस

पौल बारांत नव्हता, मास्तर. :)

शुभवर्तमान_मास्तर

हरलो. चहा घेऊन येतो.

वसईचा_वारा

हे सगळं छान चाललंय, पण कल्याण राहिलं.

जुनी_पाने

येतो कल्याणला. सगळ्याचं मूळ एका परिच्छेदात आहे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला युसेबियस नावाच्या बिशपानं चर्चचा इतिहास लिहिला. त्यात अलेक्झांड्रियाच्या पँटेनसची हकिकत येते. हा तिथल्या ख्रिस्ती विद्यापीठवजा शाळेचा प्रमुख, काळ दुसऱ्या शतकाचा शेवट. युसेबियस म्हणतो, पँटेनस हिंदुस्थानपर्यंत गेला असं सांगतात. तिथे त्याला आपल्याआधीच मत्तयाचं शुभवर्तमान पोचलेलं आढळलं, हिब्रू अक्षरांतलं, आणि ते बार्थोलोम्यूनं मागे ठेवलं होतं.

पुढे संत जेरोमनं यात भर घातली: पँटेनसला बिशप देमेत्रियसनं पाठवलं आणि तो तिथल्या ब्राह्मणांना उपदेश करायला गेला. पण जेरोम युसेबियसच्याही मागाहूनचा, पँटेनसनंतर जवळपास २०० वर्षांनी लिहिणारा.

यात कल्याण शब्द नाही हे लक्षात घ्या. कल्याण विसाव्या शतकात जोडलं गेलं. पेरुमलिल आणि मोराएस या अभ्यासकांनी मांडणी केली की युसेबियसचं 'हिंदुस्थान' म्हणजे आपली कोकणपट्टी आणि बार्थोलोम्यूचं क्षेत्र म्हणजे कल्याणचा परिसर. बारतूकाकांची पिढी हे ऐकत मोठी झाली असणार.

खाडीकाठ

कल्याणची निवड उगाच नाही. आज तिथे उतरलं की रिक्षांचा गोंगाट दिसतो, पण उल्हास खाडीवरचं ते फार जुनं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी कोरलेले आहेत. पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून इकडपर्यंतच्या बंदरांची जी वाटाडी वही लिहिली, 'पेरिप्लस', तिच्यात सोपारा आहे आणि कल्लिएनाही आहे. नैऋत्य वारा धरला की इजिप्तकडची जहाजं थेट इथे येत. म्हणजे अलेक्झांड्रियाचा पँटेनस इथे येणं यात अशक्य काहीच नाही.

आणि सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचाच व्यापारी लिहितो की कल्लियानात पर्शियाहून नेमलेला बिशप आहे. हे आपलंच कल्याण असं बहुतेक जण मानतात.

तिरकस

खाडीकाठ, त्याच वहीतली पुढची ओळ का गिळलीत? थोरल्या सरगनस राजाच्या काळात कल्लिएना हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण सांदनेस या दुसऱ्या राजाच्या हाती गेल्यापासून तिथे अडवणूक होते, आणि एखादं ग्रीक जहाज तिथे पोचलंच तर पहाऱ्यात बारिगाझाला, म्हणजे भडोचला, नेलं जाण्याची भीती असते. म्हणजे नेमक्या पहिल्या शतकात कल्याण बंदर ग्रीक जहाजांसाठी जवळजवळ बंद. बार्थोलोम्यू उतरलाच असेल तर पोलीस बंदोबस्तात.

खरा मुद्दा वेगळाच आहे. त्या काळच्या रोमन लेखकांचं 'इंडिया' भलतंच सैल असतं. येमेनही इंडिया, इथिओपियाही इंडिया. रुफिनस हा जुना चर्च-इतिहासकार तर सरळ लिहितो की बार्थोलोम्यूच्या वाट्याला इथिओपियाला लागून असलेलं अलीकडचं इंडिया आलं. कल्याण इथिओपियाला लागून कधी होतं?

कल्याण_स्लो

मेगाब्लॉकच्या दिवशी तितकंच लांब वाटतं.

रेवदंड्याची_माहेरवाशीण

मला यातलं कळत नाही, पण 'हिब्रू अक्षरांतलं' वाचून थबकले. आमच्या माहेरी शेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं. शनवार तेली म्हणत त्यांना पूर्वी, कारण घाणा चालवायचा पण शनिवारी बंद. अलिबागजवळ नौगावला गलबत फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले अशी त्यांची कथा. कोकणात तेव्हा हिब्रू वाचणारे लोक असतील, तर हिब्रूतलं पुस्तक त्यांच्यासाठीच आणलं असेल ना?

वसईचा_वारा

अरे वा! ताई, हे मला कधीच सुचलं नव्हतं.

तिरकस

ताई, मुद्दा फार चांगला आहे, माझ्या बाजूनं कसा वळतो ते पाहा. बेने इस्राएल कधी आले याची तारीख कुणाकडे नाही. शिवाय त्यांचीच परंपरा सांगते की इथे आल्यावर हिब्रू ग्रंथ हरवले, भाषा विसरली गेली, फक्त 'शमा' ही प्रार्थना तोंडात राहिली. बाहेरून आलेल्या डेव्हिड रहाबीनं त्यांना पुन्हा शिकवलं. उलट येमेनमध्ये ज्यूंची जुनी वस्ती होती याबद्दल शंका नाही. हिब्रू पुस्तक कुणासाठी आणलं असेल, तर तिथल्यांसाठी जास्त शक्य वाटतं.

रेवदंड्याची_माहेरवाशीण

ठीक आहे, येमेनला देऊन टाका. पण शेजारच्या काकू मालिदा करायच्या, पोहे, गूळ, नारळ आणि वर फळं, एलियाहू हन्नावीच्या नावानं. तो ज्यू संदेष्टा मात्र कोकणात नक्की आलाय. त्याच्या रथाची खूण सागावजवळ खडकावर दाखवतात.

खाडीकाठ

बघा, एलियाला खंडाळ्याचा घाट न लागता कोकणात उतरता येतं आणि आमच्या बार्थोलोम्यूला पुरावे मागतात.

सातवाहनप्रेमी

थांबा, माझं पानही लावतो. बार्थोलोम्यूच्या हौतात्म्याची जी जुनी लॅटिन कथा आहे, तिच्यात तो 'इंडिया'त येतो, देवळातली अस्तारोथ नावाची मूर्ती त्याच्या येण्यानं बोलायची थांबते, राजा पॉलिमियस त्याच्या मुलीला बरं केल्यावर ख्रिस्ती होतो, आणि मग राजाचा भाऊ अस्तियागेस बार्थोलोम्यूला ठार करवतो. काही अभ्यासकांनी म्हटलंय की पॉलिमियस म्हणजे आपला पुळुमावी! पैठणचा सातवाहन! ग्रीक भूगोलकार टॉलेमीसुद्धा पैठणच्या राजाला 'सिरो पोलेमायॉस' म्हणतो. जुळतंय की नाही?

तिरकस

जुळतंय, शतक सोडून. टॉलेमीचा तो वासिष्ठीपुत्र पुळुमावी, नाशिकच्या लेण्यात ज्याच्या १९व्या वर्षाचा लेख आहे. काळ दुसरं शतक. येशूचा शिष्य तेव्हा शंभरी उलटून बराच पुढे गेलेला असता.

सातवाहनप्रेमी

पुराणांत आणखी पुळुमावी आहेत.

तिरकस

आहेत. मग आर्मेनियाच्या शेजारी पोंतसमध्ये पोलेमन नावाचा राजा आहे, आणि तो पहिल्या शतकातच, कुणाला ओढूनताणून आणावं लागत नाही. कथेतला शेवटही बऱ्याच पाठांत आर्मेनियातल्या अल्बानोपोलिसचा. नाव तिकडे जास्त फिट बसतं.

येरेवानची_डॉक्टरीण

आर्मेनिया म्हटलं म्हणून लॉगिन केलं. मी तिथे एमबीबीएसला सहा वर्षं होते (हो, तिथे आपली खूप मुलं असतात). त्यांच्या चर्चच्या नावातच 'अपोस्टोलिक' आहे, आणि ते दोन प्रेषितांमुळे: तद्दय आणि बार्थोलोम्यू. ३०१ साली ख्रिस्ती धर्म राजधर्म केला याचा त्यांना प्रचंड अभिमान, पण 'त्याच्याही आधी आमच्याकडे प्रेषित आले होते' हे त्याहून मोठ्या आवाजात सांगतात. बार्थोलोम्यूच्या नावाचा जुना मठ आज तुर्कस्तानात, व्हान प्रांतात, पडक्या अवस्थेत आहे.

आमच्या होस्टेलच्या मालकीणबाई, सत्तरीच्या. एकदा मी सहज म्हटलं की आमच्याकडे मुंबईजवळ हाच संत येऊन गेला असं मानतात. बाईंनी हातातली लवाशची (तिकडच्या पातळ रोटीची) गुंडाळी खाली ठेवली. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "असेल. पण मेला आमच्याकडे." जणू मामला तिथे मिटला.

निवांत

'मेला आमच्याकडे'. हे वाक्य मी घरच्या भांडणात वापरणार.

रापी

बराच वेळ वाचतोय. मेला कसा ते कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. जिवंत सोलला, असं परंपरा सांगते. म्हणून चित्रांत, पुतळ्यांत त्याच्या हातात सुरी असते आणि तो चामड्याचं काम करणाऱ्यांचा संत आहे. कातडं कमावणारे, खाटीक, पुस्तकं बांधणारे, सगळे त्याचे.

मी ख्रिस्ती नाही. आमचं घर कोल्हापूरकडचं, आजोबा कातडं कमवायचे. चुन्याच्या हौदात भिजवलेलं कातडं बाहेर काढून लाकडी ओंडक्यावर टाकायचे, रापीनं आतल्या बाजूचं उरलंसुरलं मांस खरवडायचे, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवायचे. त्या वासामुळे शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. ते असो.

कंपनीच्या कामानं मिलानला गेलो होतो. तिथल्या कॅथेड्रलमध्ये मार्को द'आग्रातेनं १५६२ साली केलेला बार्थोलोम्यू उभा आहे. अंगावर एक इंच कातडी नाही, स्नायू न् शिरा मोजून घ्याव्यात. आणि खांद्यावरून कमरेशी गुंडाळून घेतलंय ते स्वतःचंच कातडं, उपरणं घ्यावं तसं. लोक फोटो काढत होते, एक पोरगी 'ईऽऽ' करून पळाली. माझी नजर कातड्यावरच. ओलं कातडं जड असतं, ते वस्त्रासारखं झुळझुळत नाही, कडेला वळतं आणि वजनानं खाली ओढतं. त्या माणसानं ते बरोबर धरलंय. कातडं हाताळलेला शिल्पकार असणार, नाहीतर बाजूला उभं राहून बघणारा. खाली त्यानं ऐटीत कोरलंय की मला प्राक्सितेलीसनं (प्राचीन ग्रीक शिल्पकार) नाही, मार्को आग्रातेनं घडवलं. आजोबांनी कुठल्या चपलेवर नाव घातलं नाही.

ज्या हत्यारानं त्याला मारलं तेच घेऊन पोट भरणाऱ्यांनी त्याला आपलं म्हटलं, हे मला तिथे उभं राहून फार विचित्र वाटलं. विचित्र म्हणजे वाईट नव्हे. आपल्यालाही कुणी आहे म्हणायचं तर असाच हवा, ज्याला कातड्याची किंमत कळते.

शुभवर्तमान_मास्तर

रापीसाहेब, या धाग्यावरचा सर्वांत चांगला प्रतिसाद. वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

लंडनमुक्कामी_कोकणी

रापी यांना +१. सिस्टिन चॅपेलमधल्या 'अंतिम न्याया'च्या चित्रातही तो आहे, एका हातात सुरी, दुसऱ्यात लोंबणारं कातडं. त्या कातड्यावरचा चेहरा मायकेलअँजेलोनं स्वतःचा काढला असं बरेच जाणकार मानतात.

अवांतर: आमच्या इथलं 'बार्ट्स' हॉस्पिटल म्हणजे सेंट बार्थोलोम्यूचंच. ११२३ साली राहीर नावाच्या दरबाऱ्यानं काढलं. तो रोमला गेला असताना आजारी पडला, नवस बोलला, आणि दृष्टान्तात बार्थोलोम्यू आला. रोममध्ये टायबर नदीतल्या बेटावर बार्थोलोम्यूचं चर्च आहे, त्याचे अवशेष तिथे ठेवलेत असं मानतात, आणि त्याच जागी पूर्वी रोमनांच्या वैद्यदेवाचं, एस्क्युलापियसचं, देऊळ होतं. देव बदलला, ओपीडी चालू राहिली. कवटी मात्र फ्रँकफर्टवाले आपल्याकडे असल्याचं सांगतात.

कल्याण_स्लो

कवटी फ्रँकफर्टला, बाकीचा रोमला, मठ तुर्कस्तानात, मृत्यू आर्मेनियात. कल्याणला काय आलं? नुसतं पुस्तक. आणि ते पँटेनस घेऊन गेला.

लंडनमुक्कामी_कोकणी

अगदी बरोबर! जेरोम म्हणतो तो ते अलेक्झांड्रियाला परत घेऊन आला.

परखड

एवढं सगळं कशासाठी? वसईचे ख्रिस्ती पोर्तुगीजांनी केले, १५३४ नंतर. आता पहिल्या शतकातला शिष्य उभा करून आपण मूळचेच असं दाखवायचं. सरळ सांगा ना.

वसईचा_वारा

परखड, सरळच सांगतो. आमच्या घरातल्या जुन्या नोंदी पोर्तुगीज काळापलीकडे जात नाहीत, आणि त्याआधी आम्ही कोण होतो हे आमची बोली, लग्नातली गाणी आणि वाडीतली आडनावंच सांगतात. ते लपवायचं कारण काय? 'मूळचे' होण्यासाठी मला बार्थोलोम्यूची गरज नाही, माझी विहीर इथेच आहे.

पण पोर्तुगीजांच्या आधी इथे ख्रिस्ती नव्हतेच असंही नाही. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. ते उतरले होते नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्त्यांच्या घरी. ओडोरिक नावाचा साधू पुढे तिथे आला, त्यानं तिथे अशी पंधरा घरं असल्याचं लिहिलंय आणि त्या चौघांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. म्हणजे वास्को द गामाच्या पावणेदोनशे वर्षं आधी ठाण्यात पंधरा ख्रिस्ती घरं. ती कुठून आली? पर्शियाकडून, बहुधा. बार्थोलोम्यूकडून असं मी म्हणत नाहीये.

परखड

ठाण्याचं माहीत नव्हतं. सूर जरा चढला, क्षमस्व.

गोंयकार_पात्रांव

केरळवाल्यांकडे थोमा आहे, ५२ साली आला म्हणतात आणि कुणी हूं की चूं करत नाही. आमच्याकडे गोव्यात फ्रान्सिस झेवियर आहे, शरीरासकट. तुमच्या वाट्याला बिचारा न बोलणारा आला, म्हणून एवढी उलटतपासणी.

तिरकस

थोमाच्या बाजूनं निदान जिवंत समाज आहे, शतकानुशतकं ती आठवण सांभाळणारा. कल्याणच्या बाजूनं युसेबियसचा एक परिच्छेद आणि मध्ये मोठी पोकळी. हा फरक आहे, पात्रांव. थोमाचंही सगळं सिद्ध झालंय असं नाही.

शुभवर्तमान_मास्तर

वारा, आता तुमच्या वाक्याकडे या. 'उतरला' काढा. मी सुचवतो: 'दुसऱ्या शतकाच्या शेवटी पँटेनसला हिंदुस्थानात बार्थोलोम्यूनं ठेवलेलं मत्तयाचं शुभवर्तमान मिळालं, असं युसेबियस नोंदवतो. काही अभ्यासकांच्या मते ते ठिकाण कल्याणच्या परिसरात असावं.'

तिरकस

'असं सांगतात, असं युसेबियस नोंदवतो' करा. तो स्वतः जबाबदारी घेत नाही. आणि येमेनलाही एक ओळ द्या, ताईंनी देऊन टाकलंय.

निवांत

एवढ्या 'असावं' आणि 'सांगतात'मधून बार्थोलोम्यू कल्याणपर्यंत पोचायचा नाही, अलीकडे दिवा स्टेशनलाच उतरेल.

वसईचा_वारा

मंडळी, काल रात्री जेवणानंतर बारतूकाकांना सगळं वाचून दाखवलं. मास्तरांचं वाक्य, तिरकस यांची दुरुस्ती, आर्मेनियाच्या बाई, रापी यांचा पुतळा, सगळं. काका सुपारी कातरत ऐकत होते. पुतळ्यापाशी अडकित्ता थांबला. म्हणाले, "ते पुन्हा वाच." पुन्हा वाचलं.

मग कल्याणच्या वाक्यावर आलो. 'कल्याणच्या परिसरात बार्थोलोम्यू आला असं सांगतात.' काका म्हणाले, "सांगतात कोण?"

मी म्हटलं, लोक.

"कुठले लोक? आम्हीच ना? मग 'आम्ही सांगत आलो' असं लिही. दुसऱ्याच्या नावावर कशाला टाकतोस?"

तसं केलंय. युसेबियसचं युसेबियसच्या नावावर, अभ्यासकांचं अभ्यासकांच्या, येमेनची एक ओळ, आणि शेवटी 'आम्ही मात्र तो कल्याणला आला असं सांगत आलो'. काकांनी 'उतरला' मागून पाहिलं, मी दिलं नाही. उद्या प्रूफ जातंय.

तिरकस

या वाक्याला माझी हरकत नाही.

शुभवर्तमान_मास्तर

प्रूफमध्ये बर्थलमय आणि बार्थोलोम्यू असे दोन्ही येऊ देऊ नका, एकच ठेवा. नाहीतर वाचक म्हणतील शिष्य तेरा होते.

रापी

स्मरणिकेची एक प्रत मला मिळेल का? व्यनि केलाय. बांधणी पिनांची असेल तर मी चामड्यात बांधून काकांना परत पाठवतो.